साडेतीन लिटर

विजापूर वेशीच्या अलीकडे, रेवणसिद्धच्या दुकानात
तीन डबे उभे आहेत काउंटरवर,
स्थळं बघायला बोलावल्यासारखे.
तिघांचे खांदे रुंद,
तिघांच्या गळ्यापाशी मोहोर शाबूत.

लाल डबा म्हणतो, मी रेसच्या गाड्यांचा.
माझी गाडी रेसमध्ये एकदाच होती,
तुळजापूर नाक्यावर, उसाच्या ट्रॅक्टरशी.
हरली.
सोनेरी डबा पूर्ण सिंथेटिक. त्याच्या किमतीत
चार डझन टॉवेल येतात, वर नॅपकिन.
निळा पंपावर पण मिळतो. काही बोलत नाही.

दाजी फोनवर सांगतात, सोनेरीच घे, डोळे झाकून घे.
दाजींची मोटारसायकल दिवाळीपासून
दारात डोळे झाकूनच उभी आहे.
पंपावरचा पोरगा म्हणाला, वीस-पन्नास घाला की,
आपल्या उन्हाला जाडच पायजे.
दस्तगीर मेस्त्री म्हणाले, "ताई, डबा कुठला पन आना,
पुस्तकात ग्रेड काय लिवलंय तेवढं वाचा.
आन् पाच हजार म्हंजे पाच हजार."

चव्वेचाळीस डिग्री.
डांबर चपलेला धरून ठेवतंय, जाऊ नको म्हणतंय.
डिकीत टॉवेलचे गठ्ठे, उद्या पहाटे कलबुर्गी.
बोनेटखाली या उन्हात काय चालतं
कुणालाच दिसत नाही.
म्हणून तर इतक्या जणांना
इतक्या खात्रीनं बोलता येतं.

नायना गाडीत बसलेत.
अडतीस वर्षं मागावर काढली त्यांनी, अक्कलकोट रोडला,
मागांनी त्यांचे कान ठेवून घेतले.
पण तेल त्यांना कळतं.
अंगठा आणि तर्जनीत थेंब चोळून
सांगायचे, यंदा कुठल्या मालकानं
कशात पैसे वाचवलेत.

मी तिन्ही डबे खिडकीशी नेले.
त्यांनी एकेक हातात घेतला, हलवला,
बंद झाकणावर बोट फिरवलं,
तिन्ही परत दिले.
मग खाली उतरले, बोनेट उघडायला लावलं,
पट्टी ओढली, पुसली, परत घातली, परत ओढली,
आणि टोकाचा थेंब चोळला.

माझ्याकडे बघितलं.
मी नऊ बोटं दाखवली.
नऊ हजार.
ते काही म्हणाले नाहीत.
माझ्याच ओढणीला बोट पुसलं फक्त,
लहानपणी खोटं सापडलं की
कान न पिळता नुसतं असंच बघायचे.

निळा घेतला.
रेवणसिद्धनं सोनेरी डबा मागं सरकवला,
ठरलेलं मोडल्यासारखा.

दस्तगीरच्या परातीत जे उतरलं
त्याला मी तेल म्हणणार नाही. बिब्बा म्हणेन.
वरून नवं ओतलं, मधाच्या रंगाचं,
डबा रिकामा झाला तसा त्यांनी
स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बुडाला दोन भोकं पाडली.
"नायतर उद्या यातच माझं हे काळं भरून
कोन तरी तुमालाच विकंल."
म्हणजे सगळ्या चर्चेतली एकच पक्की गोष्ट
त्या दोन भोकांत होती.

गाडी सुरू केली.
नायनांनी तापलेल्या बोनेटवर तळवा ठेवला,
चटका बसला, उचलला नाही.
डोळे मिटून उभे राहिले बराच वेळ.
रिक्षा हॉर्न देत राहिली मागे, त्यांना काय.
"बागुंदी," म्हणाले शेवटी,
ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं,
अख्ख्या गल्लीला.
तेल बरं आहे, की इंजिन,
की नऊ हजारांवर पडदा टाकला, विचारलं नाही.

रात्री विडी घरकुलात, हिशोबाच्या वहीत
मी लिहिलं : तेल, आणि पुढं आकडा.
आईनं वही दिव्याखाली धरली.
"एवढं?" म्हणाली.
"शेंगाचं का करडईचं?"